अर्ध्या इंचाचा हक्क

छर्ऱ्याच्या बंदुकीचा दस्ता घरच्या करवतीने कापून आखूड करणे, हे काम बंदुकांच्या जाणकारांत फारसे प्रतिष्ठेचे मानले जात नाही. जुन्या बाजारात अशी बंदूक आली की घेणारा आधी दस्त्याचे टोक पाहतो, कापलेले दिसले की किंमत पाडतो आणि विकणाराही मान खाली घालून ती पाडू देतो. कारखान्याने दिलेले माप तेच खरे आणि त्यात ढवळाढवळ करणारा अडाणी, असा एक समज यामागे आहे. बंदुकीच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले तर हा समज टिकत नाही. दस्त्याचे ठरावीक माप ही कारखान्याच्या सोयीतून आलेली गोष्ट आहे आणि ती बरीच अलीकडची आहे. त्याआधी दस्ता माणसाच्या अंगाला बेतून घडवला जाई. कारखाने आल्यावरही ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी ही बेतणी कधी सोडली नाही. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी करवत उचलली. घरी दस्ता कापणारा शेतकरी त्या जुन्या बेतणीचाच गरीब वारस आहे, आणि त्याला अडाणी म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे, असे मला पुराव्यानिशी मांडायचे आहे.

अर्ध्या-पाऊण इंचाने एवढे काय बिघडते, हे आधी समजून घेतले पाहिजे. दस्त्याची लांबी चापाच्या मध्यापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंत मोजतात. अमेरिकी कारखान्यांतल्या बहुतेक बंदुकांत ती 14 इंचांच्या आसपास असते, इंग्रजी बंदुकांत साडेचौदाच्या आसपास. रायफलीला मागे आणि पुढे अशा दोन खुणा असतात आणि त्या जुळवून नेम धरता येतो. छर्ऱ्याच्या बंदुकीला नळीच्या टोकाशी फक्त एक माशी असते. मागची खूण म्हणजे बंदूक चालवणाऱ्याचा डोळा. तो डोळा कुठे येणार हे दस्ता ठरवतो, कारण गाल दस्त्याच्या वरच्या कडेवर टेकलेला असतो. डोळा आणि माशी यांत साधारण एक यार्ड अंतर धरले, तर डोळा पाव इंच जरी खाली-वर झाला तरी 40 यार्डांवर छर्ऱ्यांचा झोत जवळजवळ 10 इंच सरकतो. उडत्या तित्तिराच्या बाबतीत याचा अर्थ पक्षी हाती लागणे किंवा न लागणे एवढा सरळ आहे. दस्त्याची वरची कड पुढून मागे उतरती असते. दस्ता लांब पडला की गाल मागे, म्हणजे उताराच्या खालच्या बाजूला टेकतो, डोळा खाली जातो आणि बार खाली लागतो. शिवाय बंदूक उचलताना दस्त्याचे टोक काखेत किंवा कोटात अडकते आणि तेवढ्यात पक्षी निघून जातो. दस्ता आखूड पडला तर उलटे होते. गाल पुढे सरकतो, बार वर जातो आणि धक्क्यासरशी अंगठ्याचे पेर नाकावर आदळते. म्हणजे योग्य लांबी ही आवडीनिवडीची बाब नाही, ती त्या हत्याराच्या कामाचाच भाग आहे.

हे ज्ञान जुने आहे. दस्त्याने खांद्याला टेकलेच पाहिजे असाही नियम सगळीकडे नव्हता. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडून तोड्याची बंदूक घेणाऱ्या जपान्यांनी तिचा आखूड दस्ता गालाशी धरला, खांद्याला लावलाच नाही. आपल्याकडच्या मोगल आणि राजपूत बंदुकांचे दस्ते सडपातळ आणि सरळ, नंतरच्या युरोपीय दस्त्यासारखे खाली वळलेले नाहीत. कुठल्या देशात बंदूक कशी उचलायची, अंगात काय घालायचे, घोड्यावरून चालवायची की जमिनीवर बसून, यावर लाकडाचा आकार ठरत गेला. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उडत्या पक्ष्यांवर बार टाकण्याची कला जोरात आली, तेव्हा माप घेण्याचे शास्त्र झाले. कर्नल पीटर हॉकर यांचा तरुण शिकाऱ्यांसाठी लिहिलेला ग्रंथ 1814 साली निघाला. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दस्त्याची लांबी, त्याचा झुकाव आणि बाजूचा कल ही मापे बंदूक घडवणाऱ्याने आपल्या वहीत नोंदवून ठेवावीत, असा सल्ला त्यात आहे. त्याच वर्षी जेम्स पर्डी यांनी लंडनमध्ये स्वतःचे दुकान काढले; त्याआधी ते जोसेफ मँटन यांच्या कारखान्यात काम करत होते. त्या काळच्या लंडनमध्ये नळी घडवणारा वेगळा, चाप बसवणारा वेगळा आणि दस्ता कोरणारा वेगळा. दस्ता कोरणाऱ्यासमोर अक्रोडाचा ओंडका आणि वहीतली ती मापे असत. 'सगळ्यांचा' दस्ता त्याने कधी केलाच नाही. तो नेहमी कुणातरी एकाचा दस्ता करत असे.

हे बदलले ते अमेरिकेत, आणि त्यामागे एक यंत्र आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या थॉमस ब्लँचर्ड या यंत्रकाराने 1819 साली एका विलक्षण लेथचे पेटंट घेतले. साध्या लेथवर फक्त गोल वस्तू निघतात. बंदुकीचा दस्ता कुठे चपटा, कुठे वळलेला, कुठे बारीक, म्हणून तो हातानेच कोरावा लागे. ब्लँचर्डच्या लेथमध्ये एक लोखंडी नमुना फिरे, त्यावर टेकलेले चाक त्याचे उंचसखल अंग चाचपत जाई आणि त्याच हालचालीने कापणारे पाते शेजारी फिरणाऱ्या लाकडावर हुबेहूब तोच आकार उतरवी. स्प्रिंगफिल्डच्या सरकारी शस्त्रागाराने हे यंत्र लावले आणि तिथल्या दस्ता कोरणाऱ्या कारागिरांचे बरेचसे काम यंत्राकडे गेले. इंग्रजांना हे उशिरा कळले. 1853-54 मध्ये त्यांची माणसे अमेरिकेतले कारखाने पाहून आली आणि दस्ते कापणारी यंत्रे मॅसॅच्युसेट्समधल्याच एम्स कंपनीकडून मागवून एन्फील्डच्या सरकारी कारखान्यात बसवण्यात आली. ती चालवायला माणूसही अमेरिकेतून आला, हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारातला जेम्स बर्टन. 1857 च्या इतिहासात काडतुसांमुळे आपल्या परिचयाची झालेली एन्फील्ड रायफल याच कारखान्यात या यंत्रांवर होऊ लागली. या सगळ्याचे कौतुक यंत्रशास्त्राच्या इतिहासात भरपूर आहे आणि ते योग्यच आहे. एका बंदुकीचा भाग दुसरीला बसू लागला, रणांगणावर दुरुस्ती सोपी झाली, किंमत उतरली. पण त्या लोखंडी नमुन्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. त्याची लांबी कुणीतरी एकदा ठरवली आणि त्यानंतर हजारो दस्ते तेवढेच निघाले. ज्याला आपण 'बरोबर माप' म्हणतो ते म्हणजे हा नमुना. तो ठरवताना समोर सैन्यात भरती होणारा तरुण पुरुष होता. बाई नव्हती, बारा वर्षांचा मुलगा नव्हता, बुटका म्हातारा नव्हता.

लष्करासाठी तयार झालेली ही पद्धत हळूहळू शिकारी बंदुकांत उतरली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत स्वस्त एकनळी आणि दुनळी बंदुकांचे कारखाने उभे राहिले आणि टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानांच्या यादीत बंदूक आली. गिऱ्हाइकाचे तोंडही न पाहता विकल्या जाणाऱ्या वस्तूला एकच माप असणे अपरिहार्य होते. त्याच सुमारास अटलांटिकच्या दुसऱ्या बाजूला, लंडन आणि बर्मिंगहॅममध्ये, श्रीमंतांसाठी नेमके उलट घडत होते. 1880 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कारागिरांनी माप घेण्यासाठी खास बंदूक तयार केली. तिच्या दस्त्याला मनगटापाशी बिजागरी आणि जागोजागी स्क्रू असत. गिऱ्हाइकाने ती उचलायची, निशाणाच्या पत्र्यावर बार टाकायचा, छर्रे कुठे लागले ते पाहून कारागिराने स्क्रू फिरवायचा. लांबी वाढव, झुकाव कमी कर, कल थोडा उजवीकडे दे. बार मधोमध पडू लागले की ती मापे उतरवून घ्यायची आणि त्यावरून अक्रोडाचा दस्ता कोरायचा. यासाठी नेमबाजीची वेगळी मैदाने होती, शिकवणारे होते. कारखान्याचे माप सर्वांना पुरेसे आहे असे या मंडळींना मुळीच वाटत नव्हते. आपल्याकडच्या संस्थानिकांनी लंडनच्या दुकानांना दिलेल्या मागण्याही याच परंपरेतल्या. तिथे पैसा देऊन अर्धा इंच विकत घेतला जात होता.

ॲनी ओक्ली हिचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. ओहायोतल्या गरीब घरात 1860 साली जन्मलेली, जेमतेम पाच फूट उंचीची ही बाई 1887 मध्ये बफेलो बिलच्या खेळाबरोबर लंडनला आली. व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाचे ते वर्ष. अमेरिकेत तिचा नेम दंतकथेचा विषय झाला होता, पण इंग्लंडातल्या वेगाने उडणाऱ्या कबुतरांवर तिची सुरुवात चांगली झाली नाही. तिच्या बंदुका जड होत्या आणि अमेरिकी पद्धतीप्रमाणे दस्ता फार खाली झुकलेला होता. चार्ल्स लँकेस्टर या नावाने चालणाऱ्या दुकानाचे मालक हेन्री थॉर्न यांनी तिला हलकी, तिच्या अंगाला बेतलेली बंदूक करून दिली आणि तिचा नेम सुधारला. थॉर्न यांनी पुढे 1889 मध्ये नेमबाजीवर सचित्र ग्रंथ काढला. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या नेमबाज बाईलाही मापात नसलेली बंदूक आड आली, तर ज्याला वर्षाकाठी चार-दोन काडतुसेच परवडतात त्याचे काय? 'सवयीने जमते' हा जो युक्तिवाद नेहमी केला जातो, त्याला ओक्लीचा अनुभव हे पुरेसे उत्तर आहे. सवय तिच्याइतकी दुसऱ्या कुणाला असणार?

थॉर्नसारखा कारागीर ज्यांच्या आवाक्यात नव्हता त्या अमेरिकी खेड्यात मग काय झाले, तर करवत. बाप मोठा, पोरगा लहान, घरात एकनळी बंदूक एकच. पोराला ससे आणि खारी मारायला शिकवायचे, तर दस्ता दीड-दोन इंच कापायचा. हे काम दिसते तितके सोपे नाही. दस्त्याच्या टोकाला पत्र्याचा किंवा कडक रबराचा टोप असतो, तो दोन स्क्रूंनी बसवलेला. तो काढायचा. बंदूक जमिनीवर उभी धरली असता नळी भिंतीपासून किती झुकते ते पाहून टोकाचा कोन नोंदवायचा, कारण कोन चुकला तर दस्त्याचे खालचे टोक छातीत रुतते किंवा वरचे टोक खांद्यावरून सटकते. कापायच्या रेषेवर चिकटपट्टी गुंडाळायची म्हणजे अक्रोडाच्या कडेचे टवके निघत नाहीत. बारीक दातांची करवत घ्यायची, रेषेच्या किंचित बाहेरून कापायचे आणि उरलेले लाकूड सपाट फळीवर लावलेल्या पॉलिश पेपरवर घासून रेषेपर्यंत आणायचे. जुन्या स्क्रूंची भोके आता जागेवर येत नाहीत. त्यांत लाकडी खुंटी सरसाने ठोकून नवी भोके पाडायची. पुष्कळ बंदुकांत दस्त्याच्या आतून लांब बोल्ट गेलेला असतो, त्याचे भोक टोकाशी उघडते. ते कुठे आहे हे न पाहता करवत चालवली की काम फसते. शेवटी उघड्या लाकडाला जवसाच्या तेलाचे हात द्यायचे, नाहीतर पावसाळी हवेत ते पाणी ओढून फुगते. यात आणखी एक गोम आहे. दस्ता उतरता असल्यामुळे लांबी कमी केली की त्याच्या टोकाचा झुकावही थोडा कमी होतो. वरच्या कडेचा उतार नऊ इंचांत एक इंच असेल तर एक इंच लाकूड कापल्यावर टाच, म्हणजे दस्त्याच्या टोकाचा वरचा कोपरा, इंचाच्या नवव्या हिश्शाने वर येते. एका कापात दोन मापे बदलतात. ज्याला हे ठाऊक असते तो एकदम दीड इंच कापत नाही. पाव-पाव इंच कापतो, बंदूक उचलून पाहतो, पुन्हा कापतो. लंडनचा कारागीर स्क्रू फिरवून जे करत होता तेच हा करवतीने करतो, फक्त त्याला मागे येता येत नाही.

माणसागणिक दस्त्याचे माप कागदावरच्या नियमांत बसवणारी एक संस्था मात्र होती, आणि ती आश्चर्य वाटेल अशी आहे: ब्रिटिश लष्कर. आपल्याकडे पोलिसांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या दिसलेली थ्री नॉट थ्री, म्हणजे शॉर्ट ली-एन्फील्ड, तिचा दस्ता एका अखंड लाकडाचा नाही. खांद्याकडचा तुकडा वेगळा आहे आणि तो आतून गेलेल्या लांब बोल्टने लोखंडी खोबणीत आवळलेला असतो. त्यामुळे तेवढाच तुकडा बदलता येतो, आणि कारखान्याने तो वेगवेगळ्या लांबीचा केलाही. नेहमीचा, त्याहून अर्धा इंच लांब आणि त्याहून अर्धा इंच आखूड. लाकडावर त्यासाठी अक्षरे ठोकलेली असत. पहिल्या महायुद्धात यात चौथे माप आले. सैन्यात भरती होण्यासाठी पाच फूट तीन इंच उंचीची अट होती. तिच्यामुळे परत पाठवलेल्या खाणकामगारांसाठी आणि गोदी-कामगारांसाठी 1914 च्या नोव्हेंबरात बर्कनहेड इथे खासदार आल्फ्रेड बिगलंड यांच्या पुढाकाराने वेगळी पलटण उभी राहिली. पाच फूट ते पाच फूट तीन इंच उंचीच्या या सैनिकांना 'बँटम' म्हणत आणि नेहमीपेक्षा एक इंच आखूड दस्ता त्याच नावाने ओळखला गेला. जी संस्था माणसांना एका साच्यात घालण्यासाठी प्रसिद्ध, तिने लाकडाच्या बाबतीत माणसाला साच्यात घालायचे नाकारले. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून याच रायफली होऊ लागल्या, आणि पुढे स्वातंत्र्यानंतर 7.62 मिलिमीटरच्या गोळीसाठी तिची जी सुधारित आवृत्ती निघाली तिच्यातही सुटा दस्ता कायम राहिला. लष्कराने हे दयेपोटी केले नाही. ज्याचा दस्ता मापात नाही त्याची गोळी वाया जाते, हा हिशेब होता. पण याच हिशेबाने शेतकऱ्याची करवतही चालते.

यावर पहिला आक्षेप जुन्या वस्तूंच्या प्रेमातून येतो. कापलेला दस्ता पुन्हा जोडता येत नाही, चांगल्या कारागिराचे काम नष्ट होते. या आक्षेपात तथ्य आहे आणि मी तो अर्धा मान्य करतो. मँटनच्या हातची किंवा एखाद्या संस्थानाच्या शस्त्रागारातली बंदूक ही आता वस्तुसंग्रहालयाची संपत्ती आहे, तिला करवत लावणारा माणूस इतिहासाचा पुरावा पुसतो. तिचा दस्ता एका माणसाच्या मापाचा आहे हीच तर तिची साक्ष. परंतु कारखान्यातून लाखांनी निघालेल्या बंदुकीच्या दस्त्यावर अशी कोणाचीच साक्ष नसते. तिथे असतो ब्लँचर्डच्या लेथवरचा तो नमुना. त्यातले अर्धा इंच काढले तर कुणाचीही कला मरत नाही. उलट, त्या बंदुकीवर पहिल्यांदाच एका माणसाची खूण उमटते. जुन्या अमेरिकी एकनळी बंदुकांवर पोरासाठी कापलेला दस्ता आणि पोर मोठे झाल्यावर मागे लावलेला लाकडाचा किंवा रबराचा तुकडा दिसतो. संग्राहक त्याला खराबी म्हणतात. मला तो एका घराचा दस्तऐवज वाटतो, आणि इतिहास लिहिणाऱ्याने तो तसाच वाचायला हवा.

दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे. घरी कापणाऱ्याला माप कळत नाही, तो दुकानातल्या एका सोप्या चाचणीवर विसंबतो: कोपर काटकोनात वाकवायचे, दस्त्याचे टोक कोपराच्या बेचक्यात ठेवायचे, आणि बोट चापावर आले की दस्ता मापात. ही चाचणी खरोखरच कच्ची आहे. ती फक्त कोपरापासून बोटापर्यंतची लांबी मोजते. मानेची लांबी, खांद्याची रुंदी, गालाचे हाड, अंगावरचा कोट यांतले काही तिला दिसत नाही, आणि छातीच्या ठेवणीमुळे बाईला टोकाचा कोन वेगळा लागतो हे तर मुळीच नाही. आखूड झालेला दस्ता धोक्याचाही असतो: धक्का जास्त जाणवतो, अंगठा नाकाला लागतो, आणि मागचे लाकूड गेल्याने बंदूक पुढे जड होते. पण यातून काय सिद्ध होते? एवढेच की काम हळू आणि नीट करावे. लाकूड तसेच सोडून द्यावे, हे सिद्ध होत नाही. मुलाला मोठ्यांची बॅट देऊन 'खेळ, सवय होईल' असे आपण म्हणत नाही, कारण चुकीच्या बॅटने शिकलेला फटका पुढे सुटता सुटत नाही. लांब दस्त्याने शिकलेला मुलगाही डोके मागे टाकून, पाठ वाकवून बंदूक धरायला शिकतो आणि मोठेपणी दस्ता मापात आला तरी पाठ सरळ होत नाही. शिवाय लांब दस्ता सांभाळताना लहान अंगाचा तोल मागे जातो आणि नळीचे तोंड भलतीकडे फिरते. सुरक्षिततेचा मुद्दा काढायचा तर तो आखूड दस्त्याच्या बाजूनेही तितकाच बोलतो.

लांबीचा निर्णय वरून, समितीने घ्यावा असे म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकी सैन्याचाच अलीकडचा अनुभव आहे. एम-16 रायफलीची सुधारित आवृत्ती 1980 च्या दशकात आली, तेव्हा तिचा दस्ता पाच-अष्टमांश इंचाने लांब करण्यात आला. मैदानावर शर्टात आडवे पडून नेम धरणाऱ्याला ते सोयीचे होते. मग सैनिकांच्या छातीवर जाड चिलखत आले आणि तोच दस्ता सर्वांना लांब वाटू लागला. शेवटी सरकता, जागोजागी अडकवून ठेवता येणारा दस्ता असलेली एम-4 आली आणि 2015 मध्ये मरीन दलाने आपल्या पायदळासाठी तीच मुख्य रायफल ठरवली. दोनशे वर्षांच्या एकसाचीपणानंतर कारखाना स्वतःच पुन्हा माणसाच्या मापाकडे वळला.

तिसरा आक्षेप भीतीतून येतो. 'कापलेली बंदूक' म्हटले की आखूड नळीची, कोटात लपवायची गुन्हेगाराची बंदूक डोळ्यासमोर येते. ही गल्लत कायद्याने मात्र केलेली नाही. अमेरिकेच्या 1934 च्या कायद्याने 18 इंचांपेक्षा आखूड नळीच्या बंदुकीवर बंधन घातले आणि पुढे एकूण लांबी 26 इंचांखाली जाऊ नये ही अटही आली. ब्रिटनच्या 1968 च्या कायद्यात छर्ऱ्याच्या बंदुकीची नळी 24 इंचांखाली कापणे हा गुन्हा आहे. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्याचे सहावे कलम परवान्याशिवाय नळी आखूड करायला मनाई करते. तिन्ही ठिकाणी कायद्याचा मुख्य रोख नळीवर आहे, कारण लपवण्याची सोय तिथे आहे. पाऊण इंच लाकडाने बंदूक लपत नाही. तरीही आपल्याकडे एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. भारतात बंदुकीची दुरुस्ती आणि बदल यांसाठी याच कायद्याच्या पाचव्या कलमानुसार वेगळा परवाना लागतो. अमेरिकेतल्या घरात जे काम बाप स्वयंपाकघरातल्या टेबलावर करतो ते इथे परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे लागते. माझे समर्थन मापाला आहे, कायदा मोडण्याला नाही. कोकणात, सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे, रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी दिलेले बंदुकीचे परवाने आजही आहेत. आजोबांच्या नावचा परवाना रीतसर अर्ज करून नातवाच्या किंवा सुनेच्या नावावर होतो, निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमाही होते, पण दस्ता आजोबांच्याच मापाचा राहतो. कागद बदलतो तसे लाकूडही बदलता येते, हे त्या घरांना कुणीतरी सांगायला हवे. त्यासाठी बंदूक दुरुस्त करणारे परवानाधारक कारागीर जिल्ह्याच्या ठिकाणी टिकायला हवेत.

नेमबाजीच्या स्पर्धेत तर हा वाद केव्हाच मिटला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसला 50 मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारात नेमबाज आधी गुडघ्यावर बसतो, मग पोटावर झोपतो, मग उभा राहतो. खांद्याची पट्टी मागे-पुढे आणि वर-खाली सरकते, गालाची पट्टी उचलता येते आणि स्थिती बदलली की नेमबाज दस्त्याची मांडणीही बदलून घेतो. म्हणजे एकाच माणसाला एकाच सामन्यात, दोन तासांच्या आत, एक लांबी पुरत नाही. मग चौदा इंच हे माप सगळ्या माणसांसाठी, सगळ्या वयांत योग्य असेल असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

महाराष्ट्रात नेमबाजीकडे वळणाऱ्या मुलामुलींची संख्या राही सरनोबत, तेजस्विनी सावंत आणि कुसाळे यांच्यामुळे वाढली आहे. यातली बहुतेक मुले पहिली रायफल हाती घेतात ती क्लबची किंवा एनसीसीच्या शिबिरातली, स्वतःच्या मापाची नव्हे. शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की मुलीचा नेम चुकतो म्हणून तिला बोल लावण्याआधी दस्ता मोजा. तिची मान मागे जाते का पाहा, गाल कुठे टेकतो ते पाहा. क्लबांनी वेगवेगळ्या लांबीचे दोन-तीन दस्ते परवानाधारक कारागिराकडून करून घ्यावेत आणि कुणाला कोणता लागतो ते हॉकरने सांगितल्याप्रमाणे वहीत लिहून ठेवावे. खर्च फार नाही.